खर्रा सुटत नाही, मग अँटीऑक्सिडंटची पावडर चालेल का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडच्या एका भावाचा आहे. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना एकत्र घोटून केलेली पुडी. थोडक्यात असा: "बाबा ५४ वर्षांचे, शुगर आहे, कपाशीची फवारणी स्वतःच करतात, खर्रा दिवसाला चार-पाच पुड्या. गावात एक जण अँटीऑक्सिडंटची पावडर अन् ज्यूस विकायला येतो, महिन्याचा खर्च २२०० रुपये. तो म्हणतो यानं खर्ऱ्याचं विष मरते, शुगरही उतरते. घ्यावं का? अन् हे अँटीऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय असते?"

भाऊ, पहिलं उत्तर आधी देऊन टाकते, पावडर घेऊ नका. का नाही ते आता नीट सांगते, कारण नुसतं "नको" म्हटलं तर तो माणूस पुढच्या आठवड्यात परत येईल अन् तुमच्या बाबांना पटवून जाईल. मी आहारतज्ज्ञ म्हणून २३ वर्षं झाली काम करते, बहुतेक काम यवतमाळ-अमरावतीच्या खेड्यांतलंच आहे, अन् हा प्रश्न मला आता जवळजवळ दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतेच.

तुमच्या घरी जवसाचं तेल येत असेल तर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. घाणीवरून आणलं तेव्हा त्याचा वास कसा छान, भाकरीवर टाकून चटणीसोबत खावं असा. तेच तेल बाटलीचं झाकण उघडं राहिलं, खिडकीत उन्हात राहिलं की काही दिवसांत खवट होते, घशाशी धरते. झालं काय, तर हवेतला ऑक्सिजन त्या तेलाला भिडला अन् तेलाचा एक रेणू बिघडला, त्यानं शेजारच्याला बिघडवलं, त्यानं त्याच्या शेजारच्याला, अशी ती साखळी पूर्ण बाटलीभर पसरली. आता आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला जी पातळ साल असते ना, ती मुख्यतः चरबीचीच असते. तिथंही हेच होऊ शकते. पेशीतली चरबी खवट व्हायला लागते असं समजा, अन् चरबीच नाही तर प्रोटीन, डीएनए यांनाही मार बसतो.

ही साखळी सुरू करणाऱ्या रेणूला फ्री रॅडिकल म्हणतात. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन एकटा असतो, जोडी नसते, म्हणून तो दुसऱ्याचा ओढून घेतो. अन् हे काही बाहेरून आलेलं भूत नाही, आपण अन्न जाळून ताकद तयार करतो त्यातच थोडे फ्री रॅडिकल रोज तयार होतात. त्यात तंबाखू, चुलीचा धूर, फवारणीचं औषध, कडक ऊन, सतत वाढलेली शुगर यांची भर पडली की तयार होणारे जास्त अन् विझवणारे कमी, असा हिशोब बिघडतो. वर्षानुवर्षं तो बिघडलेला राहिला की रक्तवाहिन्या, डोळ्याचं भिंग, किडनी यांच्यावर परिणाम होतो, कॅन्सरलाही वाट मोकळी होते.

विझवणारे म्हणजेच अँटीऑक्सिडंट. ते आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतात अन् साखळी तिथंच थांबते. विटॅमिन ई चरबीत राहते, म्हणून पेशीच्या सालीत बसून राखण करते, अन् ते वापरलं गेलं की विटॅमिन सी त्याला परत कामाला लावते. सी पाण्यात विरघळते, म्हणून ते रक्तात अन् पेशीतल्या पाण्यात असते. दोघांचं काम एकमेकांवर अवलंबून आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटते, कारण एकच विटॅमिन ठासून भरलं तर बाकीचे गडी कुठून येणार?

अन् सगळ्यात मोठी राखण तर शरीर स्वतःच करते. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ आपलं लिव्हर तयार करते. एसओडी नावाचं एन्झाइम आहे, ते फ्री रॅडिकल विझवते हे १९६९ मध्ये मॅककॉर्ड अन् फ्रिडोविच या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं. हे शरीरातच तयार होते, पण ते तयार व्हायला माल लागतो, झिंक, कॉपर, मँगनीज, सेलेनियम अन् चांगलं प्रोटीन. म्हणजे तुरीचं वरण, चणे, तीळ, फल्लीदाणे, अंडी, ज्वारीची भाकर. मी कितीतरी घरं पाहिली जिथं ताटात भात अन् पातळ पाण्यासारखं वरण आहे, अंडं आठवड्यातून एकदाही नाही, अन् फडताळात दीड हजाराचा ज्यूस ठेवला आहे. मला ते पाहून वाईट वाटते, कारण तो पैसा त्याच घरातल्या लेकराच्या दुधा-अंड्याचा असतो.

आता पावडरवाल्याच्या मुद्द्यावर येते. त्याचं म्हणणं ऐकायला एकदम पटते, तंबाखूनं फ्री रॅडिकल होतात, अँटीऑक्सिडंटनं ते मरतात, मग तंबाखू खा अन् वरून पावडर घ्या. अगदी हाच विचार मोठमोठ्या डॉक्टरांनीही केला होता, अन् तपासूनही पाहिला. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष घेतले, सगळे धूम्रपान करणारे, त्यांच्यातल्या काहींना वर्षानुवर्षं बीटा कॅरोटीनची गोळी दिली, म्हणजे गाजरात अन् कोहळ्यात, लाल भोपळ्यात, असते तेच. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत असाच अभ्यास चालू होता, १८ हजारांवर माणसं, तिथं तर २८ टक्के जास्त दिसला अन् १९९६ च्या जानेवारीत तो वेळेआधीच बंद करावा लागला. विटॅमिन ई चंही तसंच, ३५ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात २०११ साली दिसलं की रोज ४०० युनिटची गोळी घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त.

बीटा कॅरोटीनच्या अभ्यासातले लोक बहुतेक सिगारेटवाले होते, खर्रावाले नव्हते, हे मान्य. पण भाजीत जे गुणाचं असते तेच गोळीत दाबून भरलं की गुणाचंच राहील असं नाही, हे त्यातून कळलं. का असं होते? एक कारण असं की फ्री रॅडिकल सगळे वाईट नसतात. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच वापरतात. पेशी बिघडली तर तिला संपवायचा इशाराही यातूनच जातो. सगळंच विझवून टाकलं तर बिघडलेली पेशीही वाचते. म्हणूनच किमो किंवा शेक (रेडिएशन) चालू असलेल्या पेशंटला मी हात जोडून सांगते की कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असली कुठलीही गोळी, ज्यूस घेऊ नका.

आता खर्ऱ्याबद्दल. हे नीट वाचा अन् बाबांनाही वाचून दाखवा.

सुपारीत पॉलीफेनॉल नावाचे अँटीऑक्सिडंट भरपूर असतात. हो, तेच पॉलीफेनॉल ज्यांच्या नावानं ग्रीन टी अन् पावडरी विकल्या जातात. पण खर्रा घोटताना त्यात चुना पडतो. चुन्यानं तोंडातली लाळ अल्कली होते, अन् तशा लाळेत सुपारीचे तेच पॉलीफेनॉल ऑक्सिजनशी भिडून स्वतःच फ्री रॅडिकल तयार करायला लागतात, गालाच्या आतल्या कातडीला चिकटून, तासन्‌तास. पन्नीत घोटलेली ती पुडी गालात दाबून माणूस डवरणी करतो, फवारणी करतो, झोपतोसुद्धा. सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू पांढरी, टणक, दोरीसारखी होते, तोंड उघडेनासं होते, मिरची सहन होत नाही. अन् सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तसं जाहीर केलं आहे. तर मग सांगा, आग गालात लावून ठेवली अन् पाणी पोटात ओतलं तर ते पोचणार कुठं?

एक गोष्ट खरी आहे ती सांगायलाच पाहिजे. तोंड कमी उघडणाऱ्या पेशंटला दाताचे डॉक्टर लायकोपिन, म्हणजे टमाटरात असते ते, किंवा दुसऱ्या अँटीऑक्सिडंटची कॅप्सूल लिहून देतात. ती मी पण पाहिली आहे चिठ्ठीवर. पण ती खर्रा बंद केल्यावर, तोंडाच्या व्यायामासोबत, तपासणी करत द्यायची गोष्ट आहे. विकणारा नेमकी अर्धीच गोष्ट सांगतो.

शुगरचं म्हणाल तर शुगर वाढलेली राहिली की फ्री रॅडिकल वाढतात हे बरोबर, पण त्याचा उपाय शुगर ताब्यात ठेवणं हाच आहे. ज्यूसचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा, पुष्कळदा साखर नाहीतर फळांचा आटवलेला रस वरच्या नंबरावर असतो. अन् विटॅमिन सी चा डोस फार मोठा असला तर काही ग्लुकोमीटरवर शुगर चुकीची दिसते, जास्तच दाखवते. वरून मुतखडा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो आधीच कितीतरी जणांना, अन् जास्तीचं सी शरीरात ऑक्झलेट होऊन त्यात भरच घालते. हळदीच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी, बरं का, ती खुशाल खा, वायगावची मिळाली तर उत्तमच. अजून एक, घरात कोणाला जी सिक्स पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर विटॅमिन सी चे मोठे डोस, विशेषतः सलाइनमधून, रक्तपेशी फोडू शकतात. असं काही निदान झालं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

मग खायचं काय? इथं मला खरं तर तासभर बोलावंसं वाटते, कारण आपल्या भागात इतकं आहे अन् आपणच त्याला गरिबीचं खाणं म्हणून मागं टाकलं.

पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जे उगवते तिथूनच सुरुवात करा. तरोटा, चवळाई, घोळ, पातूर, अंबाडी. अंबाडीची भाजी माझी सासू करायची ती अजून डोळ्यासमोर आहे, पाला उकडून पिळायचा, त्यात ज्वारीच्या कण्या अन् थोडी तुरीची डाळ शिजवून घोटायची, अन् वरून फल्लीतेलात लसणाची अशी फोडणी की गल्लीपर्यंत वास. मी शिकून आल्यावर एकदा तिला म्हटलं, तेल कमी टाका, तर ती म्हणाली तेलाशिवाय अंबाडी अंगी लागत नाही. नंतर मला कळलं की ती बरोबरच होती. हिरव्या पाल्यातलं बीटा कॅरोटीन चरबीशिवाय आतड्यातून आत जातच नाही नीट. त्यातच लसूण, त्यातच तेलातलं विटॅमिन ई, अन् कण्यांमध्ये ज्वारीचे स्वतःचे पॉलीफेनॉल. फक्त एक, पाला उकडलेलं पाणी फेकू नका म्हणायची माझी इच्छा असते, पण अंबाडी फार आंबट होते म्हणून लोक फेकतात, तर निदान बाकीच्या भाज्यांचं तरी फेकू नका, वरणात टाका.

शेवग्याचा पाला. झाड प्रत्येक दुसऱ्या आवारात, अन् शेंगा तेवढ्या तोडायच्या, पाला बकरीला. त्याच्या १०० ग्रॅममध्ये १०० मिलिग्रॅमहून जास्त विटॅमिन सी असते, कॅरोटीन तर भरपूर. आलन (बेसन) लावून करा, नाहीतर थालीपिठात टाका, लेकरं खातात.

थंडीत आंबिया बहाराचा संत्रा येते, मग मृगाचा. वरूड-मोर्शी, काटोलकडं तर ढीग लागलेले असतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ८० मिलिग्रॅम सी लागते, बाईला ६५, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब आहे हा २०२० चा. मध्यम दोन संत्र्यांत ते जवळपास होते. पण रस काढून गाळून पिऊ नका, बाबांना शुगर आहे म्हणून तर नाहीच. फोडी खायच्या, अन् फोडीवरचे ते पांढरे धागे नखानं सोलून काढतात ना लोक, ते नका काढू, त्यात हेस्परिडिन नावाचा चांगला अँटीऑक्सिडंट असतो. जांब म्हणजे पेरू तर संत्र्याच्याही पुढं आहे सी मध्ये, चौपट-पाचपट. एक मध्यम जांब खाल्ला की त्या दिवसाचा प्रश्न मिटला, अन् शुगरवाल्यालाही एक चालतो. आवळा त्याहून वरचा. आवळ्याची सुपारी करून ठेवा, साखर न टाकता, मीठ-ओवा लावून सावलीत वाळवून. खर्रा सोडताना तोंडात काहीतरी पाहिजेच असते, तेव्हा मी हीच देते.

भेदरं म्हणजे टमाटर मात्र शिजवून जास्त फायद्याचं. त्यातलं लायकोपिन तेलात परतल्यावर जास्त चांगलं शोषलं जाते. वांग्याची जांभळी साल काढू नका, रंग आहे तोच गुण आहे. कोहळं, गाजर, बीट, जांभूळ, सांबार (कोथिंबीर), हिरव्या मिरचीचा ठेचा, सगळं यातच येते. मी बायकांच्या बैठकीत एवढंच सांगते की ताटात आज किती रंग आहेत ते मोजा. २०२४ च्या पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या अन् १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. ४०० ग्रॅम म्हणजे किती हे एकदा घरच्या काट्यावर ठेवून पाहा, आपण त्याच्या निम्मंही खात नाही. तुमचे २२०० रुपये इथं लावा. आठवडी बाजारात महिन्याला तेवढ्यात भाजी, जांब, अंडी सगळं येते.

करताना भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की सी पाण्यात उतरते अन् ते पाणी मोरीत. लिंबू पिळायचं ते वरण ताटात वाढल्यावर, उकळत्यात नाही. लिंबानं वरणातलं-भाजीतलं लोहसुद्धा जास्त शोषलं जाते, अन् जेवण झाल्याबरोबर चहा घेतला की उलटं होते, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. अन् ते तळलेलं तेल गाळून पुन्हा पुन्हा वापरणं बंदच करा, ते म्हणजे आधीच खवट झालेली चरबी पोटात घेणं आहे.

फवारणीबद्दल दोन शब्द, कारण २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. फवारून आल्यावर दूध प्यायचं, गूळ खायचा, म्हणजे विष उतरते असं लोक अजून बोलतात. उतरत नाही. कातडीतून अन् नाकातून गेलेलं औषध गुळानं बाहेर येत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क, हातात मोजे, वाऱ्याच्या उलट फवारायचं नाही, अन् घरी आल्याबरोबर साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. अन् फवारणीच्या हातानं खर्ऱ्याची पुडी सोडायची नाही, ही तर सगळ्यात वाईट सवय आहे, औषध सरळ गालात जाते. मळमळ, घाम, डोळ्याची बाहुली बारीक, असं काही दिसलं तर घरी काही पाजत बसू नका, डब्यासकट दवाखान्यात.

आईचं तुम्ही विचारलं नाही, पण घरी चूल असेलच. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरात दोन वेळचा स्वयंपाक म्हणजे तिच्या फुफ्फुसालाही रोज तोच मार आहे. सिलेंडर महाग आहे हे माहीत आहे मला, तर निदान चूल बाहेर उघड्यावर किंवा धुराड्याखाली घ्या.

बाबा खर्रा एका दिवसात सोडणार नाहीत. पाच पुड्यांच्या तीन, मग दोन, अन् तारीख ठरवून बंद, असं जमते बऱ्याच जणांना. तंबाखू सोडायला सरकारची फोनवरची मदत आहे, १८००-११२-३५६, पैसे लागत नाहीत. पहिले दहा-पंधरा दिवस चिडचिड होते, त्यात घरच्यांनी टोमणे मारायचे नाहीत, आवळा अन् पाणी जवळ ठेवायचं.

अन् आज रात्री जेवणाआधी एक करा. बाबांना त्यांच्याच हाताची तीन बोटं, अंगठ्याशेजारचं, मधलं अन् करंगळीशेजारचं, एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, किंवा गालाच्या आतून पांढरे पट्टे दिसत असतील, किंवा दोन आठवड्यांहून जुनी न भरलेली जखम असेल, तर कापूस वेचणीची वाट पाहू नका, नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजला नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरला याच आठवड्यात दाखवा. बोटं किती गेली ते मला कळवा.